कुंडीतली चिलटे

ओंगारला आम्ही खिडकीत कढीपत्ता लावला आहे. मातीवर बारीक काळी चिलटे उडू लागली की समजावे, ओल जास्त झाली. ती चावत नाहीत. पण मादी ओल्या मातीत अंडी घालते, आणि अळ्या बुरशीबरोबर कोवळी मुळेही खातात. लहान रोप त्याने मरते.

डिसेंबरात इथे दिवस जेमतेम आठ तासांचा, झाड पाणी कमीच पिते. म्हणून वार ठरवून पाणी घालू नये. बोट दोन पेरे मातीत घालावे, कोरडे लागले तरच घालावे. बशीतले पाणी ओतून टाकावे. पिवळ्या चिकट कागदावर उडणारी चिलटेच सापडतात, अळ्या नाहीत. तेव्हा महिनाभर नेट धरावा.

मुलांनो, कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा. दोन-तीन दिवसांनी उलटा, काळ्या डोक्याच्या अळ्या दिसतील. ती टाकून नवी ठेवा.

औषधात बीटीआय हा जिवाणू आहे. तो १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात, साचलेल्या पाण्यात सापडला. म्हणून त्याच्या नावात 'इस्रायलेन्सिस' आहे. डासांच्या अळ्यांप्रमाणे ह्या अळ्याही तो मारतो. पण आधी पथ्य, मग औषध, असे आम्ही वॉर्डात सांगत असू. कुंडीलाही तेच लागू.