देशावरचं खोबरं

मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की शिरढोणच्या आसपास दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव दिसतात. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी आलं आणि सांगली जिल्ह्याच्या या अवर्षणी भागाचा रंग बदलला. पण ते पाणी गेलं द्राक्षाला, उसाला, डाळिंबाला. कवठे महांकाळ तालुक्यात नारळ म्हणजे बंगल्यापुढं नाहीतर विहिरीच्या काठावर हौसेनं लावलेली दोन-चार झाडं. तरी इथल्या कुठल्याही किराणा दुकानात खोबऱ्याच्या वाट्यांचं पोतं असतंच. गावात नारळाची बाग नाही, आणि खोबऱ्यावाचून पाहुण्याचा रस्सा नाही.

मग हे खोबरं येतं कुठून? बहुतेकांचं उत्तर ‘कोकणातून’ असं असतं. नारळ म्हटला की समुद्र आठवतो, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण कोकणाला खोबरं वाळवायची गरज कधी फारशी पडली नाही. परसातला नारळ उतरवायचा, फोडायचा, खवायचा आणि त्याच दिवशी आमटीत नाहीतर सोलकढीत घालायचा, ही तिथली रीत. शिवाय त्या दमट हवेत सुकवायला ठेवलेल्या खोबऱ्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

देशावरच्या वाटीचं माहेर आहे कर्नाटकात, तुमकूर जिल्ह्यातल्या तिपटूरला. हे गाव समुद्रापासून लांब, 800 मीटरहून उंच पठारावर वसलेलं. कोकणच्या मानाने पाऊस जेमतेम चौथा हिस्सा. म्हणजे तेही आपल्यासारखंच देशावरचं, घाटाच्या आडोशाचं गाव. तळ्या-विहिरींच्या पाण्यावर तिथल्या नारळाच्या बागा उभ्या आहेत आणि हवा कोरडी आहे. त्या कोरड्या हवेचंच तिथल्या शेतकऱ्याने भांडवल केलं.

तिपटूरचं खोबरं उन्हात वाळवत नाहीत, हे ऐकून नवल वाटेल. पुरता पिकलेला नारळ न सोलता, सोडणासकट, घराच्या किंवा गोदामाच्या माळ्यावर रचून ठेवतात. पूर्वी खाली चूल असायची, तिची ऊब आणि धूर माळ्याला मिळायचा. तिथे तो आठ-दहा महिने, कधी वर्षभरही पडून राहतो. आतलं पाणी हळूहळू आटतं, खोबरं करवंटीपासून सुटतं, आणि नारळ हलवला की आत गोळा गडगडतो. मग सोडण काढायचं, करवंटी बेताने फोडायची आणि अख्खा गोळा बाहेर घ्यायचा. हा आपल्या बाजारातला गोटा. तो मधोमध कापला की झाल्या दोन वाट्या. घाईने वाळवलेलं खोबरं तेलाच्या घाण्यावर जातं. माळ्यावर मुरलेलं खाण्यासाठी. सरकारही दोघांचा हमीभाव वेगळा जाहीर करतं. 2025 च्या हंगामात तेलाच्या खोबऱ्याला क्विंटलमागे 11,582 रुपये होता आणि गोट्याला 12,100.

आणखी एक योग. तिपटूर आणि मिरज ही दोन्ही गावं पुणे–बंगळूर रेल्वेमार्गावरची. बेडगी मिरचीचं ब्याडगीही त्याच मार्गावर, हुबळीच्या पुढं. आपल्या कांदा-लसूण चटणीची मिरची आणि खोबरं एकाच दिशेने येतात. हळद मात्र सांगलीची, घरची. मराठी खाद्यपरंपरेचा अभिमान सांगताना कर्नाटकाचा हा वाटा आपण सोयीने विसरतो.

आता चटणी. पुण्या-मुंबईत ज्याला मसाला म्हणतात त्याला सांगली-कोल्हापुराकडे चटणीच म्हणायचं. ती वर्षाची एकदाच, उन्हाळ्यात करायची. मिरच्यांचे देठ काढून त्या उन्हात कडक करायच्या, कांदा चिरून वाळवायचा, धणे-जिरे-तीळ-खसखस निवडायची. एवढं सगळं बिनचूक झालं तरी चटणीचं भवितव्य ठरतं ते कढईतल्या खोबऱ्यावर. किलोभर मिरचीला पाव किलोपासून अर्ध्या किलोपर्यंत, घराघराचं प्रमाण वेगळं. वाटीचे पातळ काप करायचे किंवा किसायची आणि मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतायचं. जरा पुढं गेलं तर सबंध डबा कडवट होतो. कच्चं राहिलं तर ओल उरते आणि पावसाळा संपता संपता चटणीला खवट वास येतो. त्यामुळे झारा कुणाच्या हाती द्यायचा याचा निर्णय घरातली थोरली बाईच करते, आणि त्यावर अपील नसतं. मग डब्यात भरून सगळं डंकावर कांडायला न्यायचं. तिथला ठसका परक्या माणसाला दारातूनच परत पाठवतो.

मिरची-कांद्याच्या या जाळात खोबऱ्याचं काम काय, तर तेल. ओल्या नारळाच्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं. वाळलेल्यात साठ टक्क्यांच्या वर तेल. मिरचीचा रंग आणि लसणाचा वास त्या तेलात उतरतो. रश्श्यावर तांबडी तर्री दिसते तिच्यात फोडणीच्या तेलाइतकाच चटणीतल्या खोबऱ्याचाही हात असतो. मटणाचं वाटण वेगळं. त्यासाठी अख्खी वाटी निखाऱ्यावर, आता गॅसवर, काळे डाग पडेपर्यंत भाजायची, सोबत कांदा भाजायचा, आणि आलं-लसणाबरोबर वाटायचं. मिक्सर आला, पण पाट्यावरच्या वाटणाची चव त्याला जमलेली नाही, असं माझं हट्टी मत आहे.

मात्र ही वाटी रोजची नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. दुष्काळी मुलखात रोजच्या कालवणाला शेंगदाण्याचं कूट, तीळ, नाहीतर कारळं. खोबरं विकतचं, म्हणून ते पाहुण्याला, सणाला, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवाला. करंजीच्या सारणाला ते लागतं, गणपतीच्या खिरापतीला लागतं. देवळातून मिळालेलं नारळाचं भकल उन्हात वाळवून फडताळात ठेवणाऱ्या बायका अजून आहेत. प्रसाद म्हणून मिळतं आणि आमटीत जातं; देवाचीही त्याला हरकत नसावी.

ओटीत, लग्नाच्या रुखवतात, हळकुंड-सुपारी-खारकेसोबत वाटी असतेच. पाण्याचा नारळ नासतो, वाटी टिकते. जेजुरीला भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडे उधळतात, पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत भंडारा, लोकर आणि खारीक-खोबरं. कवठे महांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बनात बसलेला बिरोबाही याच धनगरी गोतातला. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या माणसाच्या पिशवीत महिनोन् महिने टिकेल असं गोडधोड दुसरं कुठलं होतं?

शहाळ्याचं तसं नाही. ते अलीकडचं आणि रस्त्याचं. मिरजेच्या दवाखान्यांबाहेर शहाळ्याच्या गाड्या असतात. गावाकडून पेशंटला भेटायला आलेला माणूस एक शहाळं घेऊन वर जातो. घरी आल्यावर मात्र त्याला शहाळं आठवत नाही.

2025 साली खोबऱ्याचे भाव पूर्वी कधी नव्हते इतके चढले. तेव्हा चटणीतलं खोबरं कमी करून तीळ वाढवणं हा उपाय अनेकांना सुचला. तो वाईट नाही. तिळाची चटणी टिकते चांगली. पण रश्श्याला तो दाटपणा येत नाही. त्यापेक्षा चटणी थोडी कमी करावी आणि खोबरं मापाने घालावं.

आणि घेताना बघून घ्यावं. गोटा दिसायला देखणा, पण त्याच्या पोटात काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही; नवख्याने वाटीच घ्यावी. वाटीची आतली बाजू बघा, काळपट-हिरवट ठिपके नकोत. कडेचा तुकडा मोडा: कट्कन तुटला तर माल वाळलेला, वाकला तर आत ओल आहे. मग नाकाशी धरा. वास खवट आला तर दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी वाटी पोत्यात परत टाका.