काळा पडला तरी बंदा रुपया!

आपल्या बहुतेक घरांत आजीची एक पत्र्याची पेटी असते. त्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, चिंधीत बांधलेले दोन-चार राणीछाप रुपये सापडतात. पाथर्डी-शेवगावकडून उसाच्या फडावर गेलेल्या, नगर-संगमनेरला विड्या वळलेल्या कितीतरी बायाबापड्यांची बचत अशीच चिंधीत राहिली.

घरात अडचण आली की हे रुपये बाजारात निघतात. तिथे कानावर पडते, "काळा पडलाय, माल खराब आहे." मग कोणी चिंच लावतो, कोणी राख, कोणी टूथपेस्ट. चकचकीत केले की जास्त पैसे येतील, अशी भोळी समजूत! वाचकहो, घडते नेमके उलटे.

रंग येतो कसा?

हवेतला गंधकाचा वायू चांदीला लागला की तिच्यावर सल्फाइडचा पातळ थर बसतो. चुलीतला धूर, रबर, लोकर, हलका पुठ्ठा, उकडलेले अंडे, या सगळ्यांतून गंधक मिळते. थर पातळ असताना नाणे पिवळसर दिसते. मग ते तांबूस-जांभळे होते, पुढे निळे आणि शेवटी काळे. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच हे रंग. याला वर्षे लागतात. त्यामुळे काट्यावर वजन काही घटत नाही. काळेपणा म्हणजे खोटेपणा नव्हे.

असा आपोआप आलेला सुंदर रंग असेल आणि खालची झळाळी शाबूत असेल, तर काही संग्राहक त्या नाण्याला जादा पैसे देतात. लबाडी शिरते ती येथेच. घासून खराब झालेले नाणे गंधकाच्या द्रावणात बुडवून किंवा आचेवर धरून घटकाभरात निळे-जांभळे केले जाते. घासल्याच्या रेघा रंगाखाली झाकतात. पण जाणकाराला ते कळते. नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या पीसीजीएस, एनजीसी या अमेरिकन संस्था अशा नाण्याला नेहमीचा आकडी दर्जाच देत नाहीत. संग्राहकाचे जादा पैसे जातात आणि उरतो फक्त चांदीचा भाव.

ओळखावे कसे?

खरा रंग बहुधा कडेकडून आत सरकतो. एका रंगातून दुसरा हळूहळू उमटतो आणि खालची झळाळी दिसते. बनावट रंग भडक असतो, डागासारखा एकदम संपतो. भिंगाखाली रंगाच्या आत बारीक समांतर रेघा दिसल्या, तर नाणे आधी घासलेले आहे असे समजावे. गंधकाचा वास आला तर दूरच राहावे.

चांदीचा हिशेब

विकताना नाण्यावरचे साल बघा. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, सुमारे ५.८ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा. नाणे काळे असो वा गोरे, हा हिशेब बदलत नाही.

बाबासाहेबांचे नाणे

रुपया आणि चांदीच्या प्रश्नावर बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या १२५ व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, १२५ रुपयांचे स्मारक नाणे निघाले. ३५ ग्रॅमच्या या नाण्यात निम्मी चांदी आहे, बाकी तांबे, निकेल व जस्त. म्हणजे तेही काळवंडू शकते. ते टांकसाळीच्या पाकिटातून काढून घासू नका. त्याच दिवशी निघालेले दहा रुपयांचे नाणे आणि १९९० चे शताब्दीचे एक रुपयाचे नाणे चांदीचे नाही. कोणी चांदीचे म्हणून विकू लागला तर फसू नका.

माता-भगिनींनो, एवढे करा. नाणे घासू नका, त्याला कडी डाकवू नका. हात लावायचा तर कडेला धरा आणि कोरड्या जागी ठेवा. विकायची वेळ आलीच तर आधी एखाद्या नाणेसंग्राहकाला दाखवा, दोन सराफांकडे विचारा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या. सुट्टीत मुलांना नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात न्या, जुनी नाणी कशी जपतात ते त्यांना दाखवा. आजीने पोटाला चिमटा घेऊन राखलेला रुपया कोणाच्या एका शब्दावर मातीमोल होऊ देऊ नका.