रातांब्याच्या बरणीतले कोटी कोटी

मे महिना लागला की लांजा तालुक्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची घाई. बिया काढायच्या, सालांच्या वाट्यांत साखर भरायची, बरणीत थर लावायचे आणि तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात ठेवायची. साखर विरघळते ते दिसतं. पुढे ती फुटते, ते दिसत नाही. आम्लात साखरेचा रेणू पाणी घेतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज असा दुभंगतो. हीच क्रिया हाताशी धरून १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने रासायनिक क्रियेचा वेग पहिल्यांदा पद्धतशीर मोजला. पुढची तीसेक वर्षं त्या कामाकडे कुणी फारसं पाहिलंही नाही!

नियम साधा आहे. साखरेची संहती, म्हणजे द्रावणातली दाटी, दुप्पट, तर वेग दुप्पट. आम्लातले हायड्रोजन आयन दुप्पट, तरी दुप्पट. दोन्ही दुप्पट केले तर चौपट. दाटी वाढली की रेणूंची गाठ पडण्याची शक्यता वाढते, एवढंच.

शुद्ध पाण्याच्या एका थेंबात सुमारे तीन लाख कोटी हायड्रोजन आयन असतात. ऐकायला पुष्कळ, पण २५ अंश सेल्सिअसच्या अशा पाण्यात निम्मी साखर फुटायला चारेकशे वर्षं लागतात. शिवजन्माच्या सुमारास पाण्यात टाकलेली साखर, जंतू लागू न देता ठेवली असती, तर आज कुठे अर्धी फुटली असती.

रातांब्याच्या रसाचा सामू, म्हणजे पीएच, दोनच्या आसपास. त्याच्या एका थेंबात आयन तीन हजार कोटी कोटी, म्हणजे पाण्याच्या लाखपट. जगातल्या आठशे कोटी माणसांत तो थेंब वाटला तर प्रत्येकाला पावणेचार कोटी मिळतील. आणि चारशे वर्षांचं काम आठवड्याभरावर येतं! (वेग मात्र लाखपट होत नाही, कारण शुद्ध पाण्यात आयनांच्या मदतीशिवायही साखर हळूहळू फुटत असते.) सामू ३ असता तर अडीचेक महिने लागले असते, ४ असता तर दोनेक वर्षं. हा हिशेब पातळ द्रावणाचा. दाट पाकाचं गणित जरा निराळं, आणि उन्हात तापलेली बरणी तर याहून बरीच घाई करते.

पण मला चक्रावून टाकतो तो शेपटाचा भाग. साखर कमी होते तसा वेगही कमी होतो, म्हणून दर आठवड्याला उरलेल्यातली निम्मीच फुटते. किलोभर साखरेत १,७६० कोटी कोटी कोटी रेणू. दहा आठवड्यांनी उरते जेमतेम एक ग्रॅम. शेवटच्या रेणूपर्यंत पोचायला मात्र ऐंशीएक आठवडे हवेत, म्हणजे ९९९ ग्रॅमसाठी दहा आणि राहिलेल्या ग्रॅमसाठी सत्तर.

आणि किलोऐवजी दोन किलो साखर घातली तर? आम्ल तेवढंच दाट राहिलं, तर फक्त एक आठवडा जास्त.