राज्याचा रकाना

बँकभरतीच्या जाहिराती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा मला जुना नाद आहे. जागा किती आणि पगार किती हे सगळेच बघतात. मला ओढ असते ती त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या अटींची, कारण उमेदवाराच्या पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचा निकाल पुष्कळदा तिथे लागतो. यातली एक अट गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. उज्जैनच्या नानाखेड्यासारख्या वस्तीत, इंदूर रस्त्यालगत वाढलेल्या आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुलामुलींना ती जितकी आडवी येते, तितकी क्वचितच कुणाला येत असेल.

उज्जैन हे शिंद्यांचं शहर. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी इथली मराठी घरं इथेच राहिली. शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाच्या बँकेचा इतिहास चाळताना एक विलक्षण नाव हाती लागलं: ‘दुकान पिछाडी’. ही महाराजांच्या मालकीची सावकारी पेढी. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, 1916 मध्ये, तिची कृष्णराम बलदेव बँक झाली. तिचे पहिले व्यवस्थापक होते जाल एन. ब्रोचा नावाचे पारशी गृहस्थ. मराठा राजाची खासगी पेढी, तिला नाव कृष्णराम बलदेव आणि कारभार पारशी माणसाच्या हाती! मला यात एका मोठ्या बदलाची सुरुवात दिसते. पेढीचा कारभार घराण्याच्या विश्वासावर चालतो. बँक म्हणून उभं राहायचं तर हे काम जाणणारा माणूस शोधावा लागतो, मग तो कुठल्याही समाजाचा असो. शेजारच्या इंदुरात तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1920 मध्ये बँक ऑफ इंदूर काढली. 1960 मध्ये ती स्टेट बँकेची उपबँक झाली, पुढे देवासच्या बँकाही तिच्यात आल्या. कृष्णराम बलदेव बँक 1975 मध्ये स्टेट बँकेने घेतली आणि 2010 च्या ऑगस्टमध्ये स्टेट बँक ऑफ इंदूरही तिच्यातच विलीन झाली. माळव्याच्या संस्थानी बँकांची वेगळी नावं अशी पुसली गेली.

बँकेतल्या नोकरीचं दार मात्र वेगळ्याच एका गोष्टीने उघडलं. 19 जुलै 1969 ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या 8,262 शाखा होत्या. 1990 पर्यंत त्या 59 हजारांवर गेल्या. एवढ्या काउंटरांवर बसायला माणसं ओळखीपाळखीने मिळणं शक्यच नव्हतं. सर्व सरकारी बँकांसाठी एकच सेवा आयोग असावा म्हणून 1975 मध्ये कायदा झाला, पण जनता सरकारच्या काळात तो गुंडाळला गेला. मग विभागवार भरती मंडळं आली. बीएसआरबी म्हणून त्यांची नावं एका पिढीच्या तोंडी होती. 2001 मध्ये तीही बरखास्त झाली. त्याच सुमारास स्वेच्छानिवृत्तीत सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले आणि भरती वर्षानुवर्षं थंडावली. 2011 पासून आयबीपीएस या भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेची सामाईक परीक्षा सुरू झाली. स्टेट बँक आपली परीक्षा वेगळी घेते.

स्टेट बँकेत ज्युनिअर असोसिएट, म्हणजे आपला क्लार्क, व्हायचं तर प्रिलिम्सला तासाभरात शंभर प्रश्न आणि मेन्सला दोन तास चाळीस मिनिटांत एकशे नव्वद. चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो आणि प्रिलिम्सचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. मुलाखत नाही. ही व्यवस्था मला मनापासून पटते. नानाखेड्यात खोली घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलीला कुणाच्या चिठ्ठीची गरज उरत नाही.

मी म्हटलेली अट यानंतर येते. उमेदवाराला एकाच राज्याच्या जागांसाठी अर्ज करता येतो आणि त्या राज्याची ठरलेली स्थानिक भाषा वाचता, लिहिता, बोलता आणि समजता आली पाहिजे. दहावीच्या किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर ती भाषा असेल तर स्टेट बँक वेगळी चाचणी घेत नाही. नसेल तर निवड झाल्यावर, रुजू होण्याआधी, भाषेची चाचणी होते आणि तिथे नापास झालेल्याला नेमणूक मिळत नाही. शिवाय ज्युनिअर असोसिएटला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली नाही, हेही जाहिरातीतच लिहिलेलं असतं. म्हणजे अर्ज भरताना राज्याच्या रकान्यात केलेली खूण जवळजवळ आयुष्यभराची असते.

आता उज्जैनच्या मराठी घरातली मुलगी घ्या. आजी-आजोबांशी ती अस्खलित मराठी बोलते, पण शाळेत हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी शिकली. मध्य प्रदेशची खूण केली तर तिला हिंदीची अडचण नाही. पुण्या-नाशिकला नातेवाईक आहेत किंवा तिथे जागा जास्त निघाल्या आहेत म्हणून तिने महाराष्ट्र निवडला, तर दोन्ही परीक्षांतून पार पडूनही तिला मराठी लिहिता येतं हे सिद्ध करावं लागतं. उलट महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठी शिकलेल्या गुजराती किंवा हिंदीभाषक घरातल्या मुलाला ही चाचणी द्यावी लागत नाही. नियम चुकीचा नाही. काउंटरवर घरातली बोली पुरत नाही, पासबुकावरची नोंद, तक्रारअर्ज, नॉमिनीचा फॉर्म हे सगळं वाचता आलं पाहिजे.

इथे एक जुना वाद आठवतो. ‘मार्मिक’ या ठाकऱ्यांच्या साप्ताहिकाने साठच्या दशकात मुंबईच्या कचेऱ्यांतल्या बिगरमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या आणि पुढे शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने बँकांतल्या मराठी भरतीसाठी लढे दिले. 30 मार्च 2025 ला, गुढीपाडव्याच्या मेळाव्यात, मनसेचे राज ठाकरे यांनी बँकांत मराठी वापरली जाते का ते तपासा असं कार्यकर्त्यांना सांगितलं आणि काही दिवसांतच आंदोलन थांबवायला लावलं. माझ्या मते या वादात नेम चुकतो. क्लार्कची भरती राज्यवार होते आणि तिथे भाषेची अट आहे. प्रोबेशनरी ऑफिसरची भरती देशभरातून होते, तिथे अशी अट नाही आणि बदल्याही देशभर. मराठी न येणारा माणूस शाखेत बहुधा याच वाटेने येतो. आग्रह धरायचा तर अधिकाऱ्यांच्या नेमणुकीतल्या भाषेच्या अटीसाठी दिल्लीत धरावा. काउंटरवरच्या माणसाला दरडावून तो नियम बदलत नाही.

एक चांगला बदल झाला आहे. 2021 मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांच्या क्लार्क परीक्षा इंग्रजी-हिंदीबरोबर तेरा प्रादेशिक भाषांतही घ्याव्यात अशी शिफारस केली आणि मराठी प्रश्नपत्रिका आली. पण भाषांचे पर्याय राज्यावर ठरतात. मध्य प्रदेश निवडणाऱ्याला मराठी प्रश्नपत्रिका मिळत नाही, ती महाराष्ट्राच्या खुणेबरोबर येते. म्हणून उज्जैन, इंदूर, देवास, ग्वाल्हेर इथल्या मराठी मंडळांना आणि पालकांना माझं सांगणं आहे: गणेशोत्सवात मुलांना नाटकात उभं करता, ते उत्तमच. त्याबरोबर आठवड्यातून दोन तास त्यांच्याकडून मराठी लिहून घ्या. अर्ज, पत्र, तक्रार, रकमा अक्षरी. आणि मुलांनो, फॉर्म भरण्याआधी राज्याचा रकाना घरच्यांबरोबर बसून ठरवा. तो नंतर बदलता येत नाही.