बिऱ्हाड घोड्यावर, बाई पायी

पहाटे चार. वडखळजवळ भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात धनगरांच्या वाड्याला, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांना, जाग येते. दिवाळीनंतर पुणे-साताऱ्याकडचे मेंढपाळ घाट उतरून पेण-रोह्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कोकणातला चिखल मेंढरांच्या खुरांना सोसत नाही. रात्री पायबंद घालून चरायला सोडलेली घोडी पोरं अंधारातच धुंडून आणतात.

पाच. आता बिऱ्हाड लादायचं. हे काम बायकांचं, आणि घोडी ओळखतात तेही त्यांनाच. पाठीवर आधी जुनं घोंगडं. त्याची एकेक चुणी बाई तळहाताने सारखी करते. चुणी राहिली तर संध्याकाळपर्यंत पाठ सोलते, आणि पाठ सोललेल्या घोड्यावर ओझं टाकता येत नाही. मग पिठाचं गाठोडं एका अंगाला, तेवढ्याच वजनाची भांडी दुसऱ्या अंगाला. वर पालाचं कापड, मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी, काठ्या. त्याच्याही वर काल जन्मलेली कोकरं, कोंबड्या, कधी तान्हं पोर. दोर आवळताना घोडी मुद्दाम पोट फुगवते. बाई घाई करत नाही. कोपराने हळूच ढोसते, श्वास सुटेपर्यंत थांबते आणि मग गाठ मारते. “लई शाणी हाय,” एवढंच कौतुक.

सहा. पुरुष मेंढरं घेऊन बांधाबांधाने चारत निघतात. शेजारी वाल उभा असतो. त्यात एक मेंढरू शिरलं तरी भांडण ठरलेलं. बायका, पोरं आणि घोडी सरळ मुंबई-गोवा महामार्गाने. ट्रकच्या बाजूला बाई स्वतः चालते, घोडीला आत ठेवते. घोडीवर मात्र ती बसत नाही. तिथे जागाच कुठे आहे?

अकरा. नागोठण्याजवळ, अंबा नदीच्या अंगाला नवा तळ. आधी ओझं उतरवायचं, पाठ चोळायची, घोड्यांना पाणी दाखवायचं. चूल त्यानंतर.

यातली बरीच घोडी भीमथडी. मराठ्यांच्या फौजेमुळे गाजलेल्या या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद 2024 साली झाली. ती जात आजवर टिकली ती मुख्यतः या भटक्या मेंढपाळांकडे. तिच्या कौतुकात या बायकांचं नाव क्वचितच येतं.

संध्याकाळी सहा. मेंढरं पोचतात, वाघर लागते. लेंडीखतासाठी शेतकरी मेंढरं रात्रभर शेतात बसवून घेतो. त्याचे पैसे किंवा धान्य मिळतं. मिळालेलं धान्य उद्या रोह्याच्या वाटेवर पुन्हा घोड्यांच्याच पाठीवर.

आठ. भाकरी झाली, घोड्यांना पायबंद पडले.

हिवाळ्यात या रस्त्याने जाल तेव्हा लादलेली घोडी दिसली तर गाडी हळू घ्या आणि हॉर्न मुळीच वाजवू नका. घोडं बुजलं तर ओझं पडतं, आणि त्या ओझ्यावर कदाचित कुणाचं तान्हं असेल.