स्थलांतरित शेतकरी कुटुंबाचा वंशशोध : मॉरिशसमधील मराठी घराण्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रात वंशावळ लिहिण्याची परंपरा जुनी आहे. विविध घराण्यांचे कुलवृत्तांत, तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांनी पिढ्यान्पिढ्या सांगितलेल्या वंशावळी ही तिची परिचित साधने होत. मात्र ही सर्व साधने गाव स्थिर आहे, आडनाव स्थिर आहे आणि पिढ्यांची साखळी अखंड आहे, ही तीन गृहीते धरून चालतात. ज्या कुटुंबाच्या बाबतीत ही तिन्ही गृहीते एकाच वेळी मोडली, त्या कुटुंबाचा वंश शोधावयाचा कसा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या आणि पुढे तेथे उसाचे शेतकरी झालेल्या मराठी कुटुंबांचे उदाहरण घेतले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी संपुष्टात आली. उसाच्या मळ्यांसाठी मजूर मिळविण्याकरिता करारबद्ध मजुरीची पद्धत त्याआधीच, १८३४ मध्ये सुरू झाली होती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. त्यांपैकी बहुसंख्य कलकत्ता व मद्रास बंदरांतून गेले. मुंबईचा वाटा तिन्ही बंदरांत सर्वांत लहान होता. तथापि मॉरिशसच्या मराठी समाजाचे मूळ याच लहान प्रवाहात आहे. रत्नागिरी जिल्हा, सावंतवाडी संस्थान, सातारा, कोल्हापूर या भागांतून प्रामुख्याने कुणबी, मराठा, महार इत्यादी समाजांतील माणसे या प्रवाहातून गेली.

करारातील मजूर हा शेतकरी नव्हता. दरमहा सुमारे पाच रुपये वेतन, शिधा आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांच्या वेतनाची कपात, अशी त्याची स्थिती होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८८० नंतर, साखरेच्या घसरत्या किमतींमुळे मळेवाल्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे पाडून ते विकावयास काढले. अनेक भारतीय कुटुंबांनी साठविलेल्या पैशांतून किंवा हप्त्यांनी हे तुकडे घेतले. मजुराचा शेतकरी झाला तो या टप्प्यावर, आणि वंशशोधाच्या दृष्टीने महत्त्वाची कागदपत्रे निर्माण झाली तीही याच टप्प्यावर.

नावाचा प्रश्न

वंशशोधातील पहिली अडचण आडनावाची आहे. सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. राघो सखाराम नावाचा एक कुणबी पोर्ट लुईच्या बंदरावर उतरला. नोंदवहीत त्याचे नाव ‘राघो’ आणि वडिलांचे नाव ‘सखाराम’ असे लिहिले गेले. त्याचा मुलगा भिकाजी बेटावर जन्मला व ‘भिकाजी राघो’ झाला. आपल्याकडील रीतीप्रमाणे भिकाजीच्या मुलाच्या नावापुढे ‘भिकाजी’ यावयास हवे होते. परंतु फ्रेंच वळणाच्या नागरी नोंदणीने ‘राघो’ हेच कुलनाम मानले आणि ते तेथेच गोठले. आज त्या घराण्याचे आडनाव ‘राघो’ असेल, तर ते गावाचे, वतनाचे वा कुळाचे नाव नसून प्रथम आलेल्या पूर्वजाचे स्वतःचे नाव आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

याचे दोन परिणाम संभवतात. राघोचा सख्खा भाऊ लखूही मॉरिशसला आला असेल, तर त्याच्या वंशजांचे आडनाव ‘लखू’ होईल आणि ही दोन भाऊबंद घराणी परस्परांना परकी वाटतील. याउलट दोन भिन्न गावांतून आलेल्या दोन राघोंचे वंशज एकाच आडनावाचे असूनही त्यांच्यात कोणतेही नाते असणार नाही. म्हणून केवळ आडनावाच्या साम्यावरून नाते ठरविणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक होय.

शोधाचे टप्पे

१. मौखिक माहिती : घरातील वृद्धांकडून नावे, मळ्याचे ठिकाण, कुलदैवत, लग्नसंबंध यांची माहिती प्रथम लिहून घ्यावी. ही माहिती पुरावा म्हणून नव्हे, तर पुढील शोधाची दिशा म्हणून वापरावी.

२. नागरी नोंदी : जन्म, विवाह व मृत्यू यांचे दाखले आजच्या पिढीपासून मागे, एकेक पिढी ओलांडत मिळवावेत. मध्येच उडी मारू नये. बेटावर जन्मलेल्या मुलाच्या जुन्या दाखल्यात अनेकदा आईवडिलांचा आगमन क्रमांक आढळतो.

३. आगमन क्रमांक : प्रत्येक मजुराला बंदरावर एक क्रमांक दिला जाई. नावाचे लेखन दहा प्रकारे बदलले तरी क्रमांक बदलत नसे. म्हणून हाच या शोधातील खरा धागा आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत नाव, वडिलांचे नाव, वय, जात, उंची, शरीरावरील खुणा, गाव, जिल्हा, जहाज व मळा यांच्या नोंदी आढळतात. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांना छायाचित्र असलेला परवाना बाळगणे सक्तीचे केले. त्यामुळे काही वंशजांना पूर्वजाचा चेहराही पाहावयास मिळतो. जो परवाना छळाचे साधन होता, तोच आज घराण्याचा ठेवा ठरला आहे.

४. जमिनीची खरेदीखते : जमिनीचे व्यवहार नोटरीसमोर होत. खरेदीखतात खरेदीदाराचे नाव, त्याचे नाते व पत्नीचे नाव येण्याचा संभव असतो. वाटणीच्या दस्तांतून तर संपूर्ण पिढीच हाती लागते.

विवाह, वारसा आणि ‘अनौरस’ हा शब्द

येथे एका नाजूक बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. मॉरिशसमध्ये ब्रिटिश अमलातही फ्रेंच दिवाणी कायदा चालू राहिला. हिंदू पद्धतीने झालेला, परंतु नागरी नोंदणी न झालेला विवाह कायद्याच्या दृष्टीने विवाह नव्हता. अशा दांपत्याची मुले अनेकदा आईच्या नावाने नोंदली गेली आणि कागदावर अनौरस ठरली. वारसाहक्कातही त्यांचे स्थान दुय्यम होते. बापाने घाम गाळून घेतलेल्या जमिनीवर मुलाचा हक्क सिद्ध करण्यासाठी विवाहाची नोंद निर्णायक ठरे. अनेक जोडप्यांनी मुले मोठी झाल्यावर नागरी विवाह केला व मुलांना मान्यता दिली, त्यामागे हे कारण असू शकते.

दाखल्यातील हा शब्द वाचून वंशज व्यथित होतात, किंवा ते पानच वंशावळीतून वगळतात. संशोधकाने त्यांना हे समजावून सांगितले पाहिजे, की तो शब्द त्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी काहीही सांगत नाही. तो केवळ दोन विवाहपद्धतींपैकी एकीलाच मान्यता देणाऱ्या कायद्याविषयी सांगतो. शिवाय ते पान वगळल्यास साखळी तेथेच तुटते, कारण आईच्या आगमन क्रमांकावरूनच पुढचा माग लागतो.

भारतातील शोध

नोंदवहीतील गाव हाती आले म्हणजे शोध संपला असे नव्हे. नोंदवहीतील ‘रत्नागिरी’ म्हणजे आजचा रत्नागिरी जिल्हाच असे नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे मालवणकडील गावेही त्यात येतात. तसेच जुन्या ‘सातारा’ या नोंदीत आजच्या सांगली जिल्ह्यातील गाव असू शकते. एकाच नावाची अनेक गावे असतात, हेही लक्षात घ्यावे.

दुसरी अडचण अशी, की मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे. १८५० च्या सुमारास गेलेल्या माणसाचे नाव त्यात सापडणार नाही. कोकणातील खोती गावांत कुणबी हा बहुधा कूळ असे, त्यामुळे जुन्या जमीन-कागदांतही त्याचा उल्लेख दुर्मीळ असतो. म्हणून गेलेल्या माणसाचा नव्हे, तर मागे राहिलेल्या भावाच्या वंशाचा शोध घ्यावा. फेरफार, जन्ममृत्यूचे कोतवाल पुस्तक, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर यांतून भावकी उभी करता येते. वडिलांचे नाव, जात, गाव आणि काळ या चारही बाबी जुळल्या तरच नाते ‘संभाव्य’ म्हणावे. स्वतंत्र पुराव्याशिवाय ‘सिद्ध’ हा शब्द वापरू नये. आलेल्या पाहुण्याला आनंद वाटावा म्हणून गावकरी आपुलकीने देऊळ दाखवितात, घर दाखवितात. ही आपुलकी मोलाची आहे, पण ती पुरावा नव्हे.

आजचे महत्त्व

हा शोध केवळ भावनिक राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस भेटीत तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या व्यक्तींना ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या दर्जासाठी पात्र करणारी विशेष तरतूद जाहीर केली. १८५० च्या दशकात गेलेल्या मजुराचे आजचे तरुण वंशज साधारणतः सहाव्या-सातव्या पिढीतील आहेत. त्यामुळे प्रत्येक पिढीचा दाखला आता व्यावहारिकदृष्ट्याही महत्त्वाचा झाला आहे. मधली एक पिढी संकोचापोटी लपविली गेली, तर नुकसान पुढच्या पिढीचे होते.

समारोप

स्थलांतरित शेतकरी कुटुंबाच्या वंशशोधात तीन सूत्रे महत्त्वाची ठरतात. आडनावापेक्षा क्रमांक विश्वसनीय आहे. पुरुषांच्या नावाइतकाच स्त्रियांच्या नावाचा माग उपयुक्त आहे. गेलेल्याचा शोध मागे राहिलेल्यांतून घ्यावा लागतो. आपल्याकडील वंशावळी बहुधा वतन, मान आणि पराक्रम यांभोवती रचल्या गेल्या. मॉरिशसमधील मराठी शेतकऱ्याची वंशावळ मात्र मजुरीचा क्रमांक, नाकारलेला विवाह आणि हप्त्यांनी घेतलेला जमिनीचा तुकडा यांतून उभी राहते. ती आहे तशी लिहिली गेली, तरच कोकणातील सखारामाच्या एका मुलाचे घर दुसऱ्या मुलाच्या घराला ओळखू शकेल.