झाडावरचे बाशिंग

दुसऱ्या झाडावर केवळ आधारासाठी वाढणाऱ्या, त्याचा अन्नरस न शोषणाऱ्या वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. पानगळीच्या सागवनात अशा वनस्पतींपैकी नेच्यांना फारसा थारा नाही, परंतु वर्षाला सुमारे 7000 मिमी पाऊस झेलणाऱ्या, ढगांत बुडालेल्या आंबोलीत बाशिंग हे नेचे खोडांना वेढून राहते. त्याची लांब हिरवी पाने अन्न तयार करतात आणि त्यांच्या पाठीवर बीजाणूंचे, म्हणजे प्रजननाच्या सूक्ष्म कणांचे, पुंजके येतात. उलट बुंध्याला चिकटलेली आखूड, बिनदेठी पाने लवकरच तपकिरी पडतात, पण गळत नाहीत, तर वरून पडणारा पालापाचोळा अडवून कुजवतात आणि त्याच खतात मुळे पसरतात. कुंडी स्वतःच घडवणारी वनस्पती विरळाच. आंबोलीतील पटलनेचे बाशिंगाहून नाजूक असून त्यांचे पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे असते, म्हणून सततच्या ओलाव्याशिवाय ते आक्रसते.